आपल्या रंगाची शेड

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या तुळशीबागेत आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला पुढं नेते. कानातली, क्लिपा, बांगड्या आणि पर्सांच्या मधोमध सौंदर्यप्रसाधनांची दुकानं आहेत. काचेखाली लिपस्टिकच्या रांगा, मागच्या भिंतीवर फाउंडेशनच्या बाटल्या, आणि डोक्यावर पांढऱ्याफटक दिव्यांचा झोत. अशाच एका काउंटरवर आई आणि नुकतीच कॉलेजात गेलेली मुलगी उभ्या असतात. "हिच्यासाठी बघायचंय, पहिल्यांदाच घेतेय," आई सांगते. दुकानातला मुलगा एकदा मुलीच्या चेहऱ्याकडे बघतो, दोन बाटल्या खाली काढतो आणि तिच्या हाताच्या पाठीवर शेजारी शेजारी दोन रेघा ओढतो. एक रेघ तिच्या रंगाच्या जवळची, दुसरी उजळ. "ताई, ही घ्या. जरा ब्राइट आहे, लग्नाकार्यात उठून दिसेल." आई मान डोलावते, बाटली पिशवीत जाते. चार मिनिटांत व्यवहार आटोपतो. दुपारपर्यंत नाक तेलकट होतं का, थंडीत गाल ओढतात का, कुठल्या क्रीमने कधी खाज सुटली होती का, यातलं काहीच त्या मुलीला कोणी विचारत नाही.

हे काउंटर आरशाआधी बघायला हवं. नवशिक्यांना मेकअप अवघड वाटतो तो ब्रश धरता येत नाही म्हणून नव्हे. हात चार-सहा वेळा करून बसतो. खरी अडचण त्याआधीची आहे. जी वस्तू घेतली ती आपल्या त्वचेच्या रंगाशीही जुळत नाही आणि स्वभावाशीही. मग ती चेहऱ्यावर वेगळी दिसते, दोन तासांत फाटते, आणि मुलगी समजते की आपल्याला जमत नाही, किंवा आपला चेहराच मेकअपचा नाही. मेकअपचं मूळ तत्त्व एकच आहे, ते म्हणजे जुळणं. आणि आपल्याकडची सवय, घरातली आणि बाजारातलीही, नवशिक्या मुलीला नेमकं न जुळणारं घ्यायला शिकवते.

स्नो-पावडरीची सवय

ही सवय जुनी आहे. मराठीत नटण्यामुरडण्याला 'स्नो-पावडर' म्हणायचे, आणि या जोडशब्दातल्या दोन्ही वस्तू पांढऱ्या. 1919 मध्ये ई. एस. पाटणवाला यांनी मुंबईत 'अफगाण स्नो' आणला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या टेबलावर ती बाटली राहिली. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्ल, पाणी आणि थोडा अल्कली यांचं मिश्रण. चोळल्यावर पाणी उडून जातं आणि स्टिअरिक आम्लाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर राहतो, म्हणून असल्या क्रीमला 'व्हॅनिशिंग' म्हणत. त्यावर पावडरीचा फुलोरा. तेव्हा दुकानात त्वचेच्या रंगाप्रमाणे निवडायला फारसं काही नव्हतंच, त्यामुळे लावणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यातून डोळ्यांना एक वळण लागलं. चेहरा मानेपेक्षा उजळ दिसला की 'तयार झाली', आणि मानेसारखाच दिसला की 'काही लावलंच नाहीस का गं?'

पुढे 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली आणि या वळणाला जाहिरातीचं बळ मिळालं. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव बदललं हे चांगलंच झालं. पण काउंटरवरचा 'ब्राइट' हा शब्द त्याच जागी बसला आहे, आणि आई मान डोलावते ती त्याच जुन्या वळणाने.

राखाडी चेहरा कुठून येतो

उजळ शेड गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर उजळ दिसत नाही, राखाडी दिसते. याचं कारण बाटलीतच आहे. फाउंडेशनला रंग येतो तो मुख्यतः चार रंगद्रव्यांनी: टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि लोहाच्या ऑक्साइडांचे पिवळा, लाल, काळा. शेड उजळ करायची म्हणजे पांढऱ्याचं प्रमाण वाढवायचं. गडद त्वचेवर हा पांढरा पातळ पसरला की खालचा तपकिरी रंग त्यातून अर्धवट डोकावतो आणि वरचा थर निळसर-राखी भासतो. राखेचा हात फिरवल्यासारखं दिसतं ते यामुळे. चेहऱ्यात काही उणं नसतं, बाटलीत पिवळं आणि लाल कमी असतं. आपल्याकडच्या बहुसंख्य त्वचेत पिवळसर, सोनेरी किंवा किंचित हिरवट झाक असते. गुलाबी झाकेची बाटली तिच्यावर बसत नाही, मग ती कितीही महाग असो.

म्हणून शेड हाताच्या पाठीवर बघूच नये. हात उन्हात रापलेला असतो आणि चेहरा त्याच्याशी जुळत नाही. रेघ ओढायची ती जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे भेटतात तिथे, दोन-तीन जवळच्या शेडच्या बोटभर रेघा. मग दुकानातून बाहेर यायचं. तुळशीबागेच्या बोळात वर ताडपत्र्या असतात, तिथेही खरा उजेड मिळत नाही, उघड्यावरच जावं लागतं. आणि लगेच ठरवायचं नाही. त्वचेवरच्या तेलात रंगद्रव्यं भिजली की बरीच फाउंडेशन्स दहा-पंधरा मिनिटांत थोडी गडद होतात. तेवढ्या वेळात शेजारच्या दुकानात कानातली बघून व्हावीत. परत आरशात बघितल्यावर जी रेघ शोधावी लागते, ती आपली शेड. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या यावरून झाक ओळखायची युक्ती खूप सांगितली जाते, पण सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत. त्यापेक्षा पिवळी आणि गुलाबी अशा दोन झाका शेजारी ओढून बघणं केव्हाही भरवशाचं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे फोटोचा. लग्नात दिवे असतात, फ्लॅश असतो, साधा मेकअप धुऊन निघतो, म्हणून थोडा उजळ हवाच. पहिला भाग खरा आहे. प्रखर उजेडात चेहऱ्याचे चढउतार सपाट होतात, म्हणून गालाचा रंग, भुवया आणि ओठ थोडे ठसठशीत लागतात. पण त्यासाठी रंगाची खोली वाढवावी लागते, बेस पांढरा करून काही साधत नाही. उलट फ्लॅशमध्ये उजळ बेस सगळ्यात आधी उघडा पडतो. टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड भरपूर असलेलं सनस्क्रीन आणि वरून सिलिकाची पांढरी सेटिंग पावडर असेल तर फ्लॅश तिथूनच उलटा परततो. अल्बममध्ये चेहरा पिठासारखा, आणि मान, कान, मेंदीचे हात आपल्या मूळ रंगात. रंगभूमीचा दाखला इथे दिला जातो, पण रंगभूषाकार चेहरा रंगवतो तो शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी. लग्नात मावशी हातभर अंतरावरून बघते.

त्वचेचा स्वभाव

रंगाचं जुळणं डोळ्यांना दिसतं, स्वभावाचं जुळणं दोन तासांनी कळतं. कोरडी, तेलकट, मिश्र आणि सामान्य ही विभागणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलेना रुबिनस्टाइनसारख्या व्यावसायिकांनी रूढ केली. मूळची ती विक्रीच्या सोयीची, तरी उपयोगाची. तिची उणीव अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ लेस्ली बाउमन यांनी 2006 च्या पुस्तकात नेमकी पकडली. कोरडी-तेलकट ही एकच फूटपट्टी पुरत नाही. त्वचा संवेदनशील आहे की सोशीक, डाग धरते की नाही, सुरकुतते की नाही, हेही बघावं लागतं, आणि चार जोड्यांचे मिळून सोळा प्रकार होतात. नवशिक्या मुलीने सोळा प्रकार पाठ करायची गरज नाही. पण 'संवेदनशील' हा तेलकट-कोरडीच्या रांगेतला पाचवा प्रकार नव्हे, तेलकट त्वचाही संवेदनशील असू शकते, एवढं कळलं तरी बरीच चुकीची खरेदी टळते.

ओळखायची रीत घरगुती आहे. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, टिपायचा आणि तासभर काही लावायचं नाही. मग कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल यांवर पातळ टिश्यू कागद वेगवेगळा दाबून बघायचा. सगळीकडे तेल उमटलं तर तेलकट. कुठेच नाही आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. मधल्या पट्ट्यात तेल आणि गाल कोरडे असतील तर मिश्र. मिश्र त्वचा सर्रास आढळते, कारण तैलग्रंथी मधल्या पट्ट्यातच दाट असतात. आणि उत्तर कायमचं नसतं. ऑगस्टमधल्या दादरच्या दमट हवेत जी त्वचा तेलकट ठरते तीच डिसेंबरात पुण्यात मिश्र होते, आणि मे महिन्यात नागपुरात घामाने एकीकडे ओली आणि कुलरच्या वाऱ्याने दुसरीकडे सुकलेली असते. म्हणून वर्षाचं सामान एकदम भरू नये.

तेलकट त्वचेच्या मुलींचा सगळ्यात मोठा गैरसमज हा, की आपल्याला मॉइश्चरायझर नको. त्या दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुतात आणि वर पावडर थापतात. साबणाने वरचा थर कोरडा पडतो, आतल्या ग्रंथी मात्र आपलं काम करतच राहतात. त्यामुळे बेस एकाच वेळी घसरतोही आणि नाकाच्या बाजूला त्याचे पापुद्रेही निघतात. ब्युटिशियन याला 'बेस फाटला' म्हणतात. इथे जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर हवं, पातळ आणि मॅट बेस हवा, आणि पावडर फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर दाबून लावायची, घासायची नाही. कोरड्या त्वचेला नेमकं उलट लागतं. ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल किंवा सेरामाइड असलेलं क्रीम चेहरा ओलसर असतानाच लावायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, वर क्रीमसारखा बेस, आणि पावडर जवळजवळ नाहीच. मिश्र त्वचेला दोन्ही रीती, आपापल्या जागी. इथे बाजाराला 'सगळ्या त्वचेसाठी' असं एकच उत्तर विकायचं असतं, आणि एकाच चेहऱ्याला दोन उत्तरं लागतात.

मुरमांची त्वचा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. 1972 मध्ये क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांनी येणाऱ्या बारीक पुळ्यांचं वर्णन 'ॲक्ने कॉस्मेटिका' या नावाने केलं. तेव्हापासून डब्यांवर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं छापायची पद्धत पडली. हा शब्द वाटेल तितका पक्का नाही. घटकांच्या जुन्या चाचण्या सशाच्या कानावर झालेल्या होत्या, आणि तो छापण्याआधी अमुक चाचणी करावीच लागते असंही नाही. तरी नवीन माणसाला चाळणी म्हणून तो चालतो. आपल्या घरातली गोष्ट त्याहून सोपी आहे. डोक्याला चोपडलेलं खोबरेल रात्री कपाळावर उतरतं, तिथेच पुळ्या येतात, आणि दोष बिचाऱ्या फाउंडेशनला मिळतो.

एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. कधीकधी बेस लावताना बोटाखाली बारीक शेवया वळतात, खोडरबराच्या कचऱ्यासारख्या. तेव्हा मुलगी आणखी जोरात चोळते आणि शेवया वाढतात. खालच्या प्रायमरमध्ये सिलिकोन भरपूर असेल (घटकांत डायमेथिकोन, सायलोक्सेन अशी नावं दिसतात) आणि वरचा थर पाण्याचा असेल, किंवा खालचा थर सुकलाच नसेल, तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. उपाय चोळणं थांबवण्यात आहे. थर कमी करायचे, मधे वेळ द्यायचा आणि ओल्या स्पंजने थोपटायचं.

पाच वस्तू पुरे

तर सुरुवातीला घ्यायचं काय? मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, कन्सीलर, काजळ आणि लिपस्टिक. फाउंडेशन या यादीत मुद्दाम नाही. अठरा-वीस वर्षांच्या चेहऱ्याला सगळीकडे झाकण्यासारखं फार थोडं असतं, आणि सगळ्यात जास्त चुका त्याच बाटलीत होतात. डोळ्यांखालच्या काळपटपणावर उजळ कन्सीलर थापला तर तिथेही राख उमटते. आधी नारिंगी झाकेचा करेक्टर किंचित, कारण नारिंगी निळसरपणा मारतो, मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर मुगाच्या दाण्याएवढा. तो करेक्टर नसेल तर त्याच झाकेची लिपस्टिक डोळ्याखाली लावू नये, डोळ्याजवळची त्वचा नाजूक असते. लिपस्टिकची पहिली शेड खालचा ओठ किंचित बाहेर काढून आतल्या रंगाशी ताडून घ्यावी. त्या रंगाच्या एक-दोन घरं गडद शेड क्वचितच चुकते, आणि तिचाच बोटभर ठिपका गालावर थोपटता येतो.

सनस्क्रीनवर इथे थोडं थांबायला हवं, कारण 'माझ्या फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे' हे उत्तर फार ऐकू येतं. एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतकं क्रीम लावलेलं असतं. तेवढं फाउंडेशन कोणी लावलं तर मुखवटा होईल. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर ओढलेल्या दोन लांब रेघा एवढं सनस्क्रीन लागतं. आणि ज्यांना वांग आहे त्यांनी रंगीत, म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेलं, सनस्क्रीन घ्यावं. सावळ्या त्वचेवरचे वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतात, साधं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही, लोहाची रंगद्रव्यं अडवतात.

पैशांचा आक्षेप खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्वचेनुसार निवडा, हे सांगणं सोपं. हॉस्टेलवरच्या मुलीला महिन्याच्या खर्चातून हे बसवायचं असतं. पण जुळण्याचा किमतीशी संबंध कमी आहे. लिपस्टिकच्या कांडीत, ती स्वस्त असो वा महाग, बहुधा एरंडेल, मेण आणि रंगच असतात. ग्लिसरीनचं साधं मॉइश्चरायझर आपलं काम चोख करतं. बचत करू नये ती दोन ठिकाणी: डोळ्यात जाणाऱ्या वस्तूत आणि सनस्क्रीनमध्ये. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असायलाच हवी. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नामांकित लिपस्टिकवर हे बहुधा नसतं. उघड्या झाकणाच्या चित्रात '6एम' किंवा '12एम' लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा तीन महिन्यांत टाकावा. काउंटरवरची सगळ्यांची टेस्टर लिपस्टिक ओठाला लावू नये, ओठांवरचा नागिणीच्या जातीचा विषाणू तिच्यातून दुसऱ्याच्या ओठावर जाऊ शकतो. मनगटावर बघावी.

'फॉर्म्युला क्रीम' आणि घरचे उपाय

न जुळणारी शेड चेहऱ्यावरून धुता येते, पण उजळ होण्याच्या हट्टाची दुसरी शाखा धुऊन जात नाही. विनालेबलच्या डबीत मिळणारं 'फॉर्म्युला क्रीम' आठ दिवसांत चेहरा उजळ करतं, ते बहुतेकदा स्टेरॉइडमुळे किंवा पाऱ्यामुळे. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, केस उगवतात, लाल रेघा दिसू लागतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून मुलगी पुन्हा तीच डबी उघडते. हा प्रकार इतका फोफावला की कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी यांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. पारा रंगद्रव्य बनवणारं विकरच बंद पाडतो, आणि त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडात साठतो. 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघांच्या मूत्रपिंडाच्या विकारामागे असंच क्रीम असल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीतून पुढे आलं. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची मालिका नोंदवली. कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापलीकडे चालत नाही. लेबल नसलेली डबी कायदा पाळतच नाही, तिची जागा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत आहे.

हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, मग घरचंच वापरावं, केमिकल नको. आजीच्या हातचं ते सुरक्षित, ही भावना समजण्यासारखी आहे, पण त्वचा वस्तूचा पत्ता विचारत नाही. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. पारंपरिक सुरमा बहुधा शिशाच्या खनिजाचा असतो. कुंकू हळद आणि चुन्याचं असेल तर वेगळं, पण बाजारच्या कुंकवातल्या कृत्रिम रंगांनी कपाळावर चट्टे उठतात, आणि टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा घरचं असो की बाजारचं, नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवं काहीही चेहऱ्याला लावू नये.

पुसताना

शिकवताना सगळे जण लावायला शिकवतात, आणि पुसणं राहून जातं. टिकाऊ काजळ आणि मॅट लिपस्टिक तेलात आणि सिलिकोनात बांधलेली असतात, नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. चोळून चोळून काढली तर डोळ्याखालची त्वचा आणखी काळवंडते. क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर पाणी कापसावर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं ठेवायचं. मग खाली एकदाच ओढायचं. काजळ कापसावर उतरतं, गालावर ओघळत नाही. त्यानंतर सौम्य फेसवॉश, आणि तेलकट त्वचा असली तरी मॉइश्चरायझर. बेस थोपटायचा स्पंज सौम्य साबणाने, पिळून निघणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा आणि उघड्यावर वाळवायचा. पहिल्यांदा धुताना त्यातून जे गढूळ तपकिरी पाणी निघतं ते बघण्यासारखं असतं, कारण पुढच्या वेळी तेच चेहऱ्यावर जाणार होतं. सकाळी उठून आरशात बघताना गालावर नवी पुळी, नाकाशी पापुद्रा किंवा डोळ्याशी लाली आहे का ते बघायचं आणि काल काय लावलं होतं ते आठवायचं. तुळशीबागेतल्या काउंटरवर न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळतात, आणि पुढच्या खरेदीला जाताना ती मुलगी दुकानदाराच्या आधी बोलू शकते: "दादा, माझं नाक दुपारी तेलकट होतं आणि गाल सुकतात. ती वरची नको, खालच्या रांगेतल्या पिवळ्या झाकेच्या दोन काढा. आणि जरा बाहेर उजेडात बघून येते."